बोट उचलेपर्यंत

खरिपात खामगाव तालुक्यातल्या शिवारातून जाताना सोयाबीन, तूर किंवा पऱ्हाटीच्या मधोमध मोबाइल समोर धरून उभा असलेला शेतकरी हमखास दिसतो. तो ‘ई-पीक पाहणी’ करत असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या ऍपवर आपल्या पिकाची नोंद शेतकरी स्वतः करतो. गट निवडायचा, पीक निवडायचं, क्षेत्र भरायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि शेवटी एका बटणावर बोट टेकवायचं. पीकपेरा सातबाऱ्यावर चढण्याची सुरुवात त्या बोटापासून होते.

या शेवटच्या क्रियेत बोट काचेला जेमतेम सेकंदाचा दहावा हिस्सा टेकलेलं असतं. तेवढ्या वेळात फोनच्या आत जे घडतं ते मला संगणकाच्या जगातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं. ऍप लिहिणाऱ्याने हे शेत पाहिलेलं नाही. शेतकरी आधी पीक निवडेल की क्षेत्र भरेल, मध्येच घरून फोन येईल का, धुऱ्यावर उभं असताना रेंज जाईल का, बोट चुकून शेजारच्या बटणावर पडेल का, यातलं काहीही त्याला आधी ठाऊक असणं शक्य नव्हतं. पुढची घटना कोणती हे माहीत नसताना त्याने प्रोग्रॅम लिहिला आणि तो लाखो हातांत चालतो आहे. क्रमच ठाऊक नसेल, तर सूचना लिहायच्या तरी कशा? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे इव्हेंट हँडलिंग.

क्रम कोणाच्या हातात?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, तेव्हाच्या प्रोग्रॅमला ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट होता. माणसाने सगळी माहिती आधी तयार करून द्यायची, यंत्राने पहिल्या सूचनेपासून निघून शेवटच्या सूचनेपर्यंत जायचं आणि उत्तर देऊन मोकळं व्हायचं. मधल्या प्रवासात माणसाला जागाच नव्हती. पुढे प्रश्न विचारणारे प्रोग्रॅम आले. नाव लिहा, मग गाव लिहा, मग वय लिहा. माणूस आत आला खरा, पण क्रम अजून प्रोग्रॅमच्याच ताब्यात होता. वय लिहिताना गाव चुकल्याचं लक्षात आलं, तरी मागे वळता येत नसे.

ही पकड सैल करण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९६३ मध्ये एमआयटीत इव्हान सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ तयार केलं. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवली की रेघ उमटायची, लेखणी हलवली की रेघ ताणली जायची. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी माउसचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात खिडक्या असलेले संगणकाचे पडदे आकाराला आले. १९८४ मध्ये ऍपलचा मॅकिंटॉश आणि १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज सामान्य ग्राहकांपर्यंत पोचलं.

लोकांना भुरळ पडली ती चित्रांची, म्हणजे खिडक्यांची, बटणांची आणि बाणाची. त्याहून मोठा बदल त्यांच्या खाली झाला होता. प्रोग्रॅमने आपला क्रम सोडून दिला होता. मॅकिंटॉशसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या गाभ्यात एक छोटं चक्र असायचं, विंडोजच्या प्रोग्रॅममध्येही तेच, आणि आज आपल्या फोनमधल्या प्रत्येक ऍपमध्येही तेच आहे. त्याला इव्हेंट लूप म्हणतात. त्याचं काम चार वाक्यांत सांगता येतं. रांगेत काही आलं आहे का ते पाहा. आलं असेल तर ते कोणासाठी आहे ते ठरव. त्याच्याकडे सोपव. परत पहिल्या वाक्यावर ये.

प्रोग्रॅमर आता सलग कथा लिहीत नाही, सुटे तुकडे लिहितो. हे बटण दाबलं गेलं तर हे कर, ही यादी सरकवली तर ते कर, फोटो काढून झाला तर तिसरं काही कर. असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक हँडलर. तो कधी चालेल हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. तो तुकडा व्यवस्थेकडे नोंदवून ठेवायचा. वेळ आली की व्यवस्था त्याला हाक मारते, आणि ती वेळ माणसाचं बोट ठरवतं.

काचेपासून रांगेपर्यंत

आता त्या शेतकऱ्याच्या बोटामागून जाऊ.

फोनच्या काचेखाली पारदर्शक वाहक पदार्थाच्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी असते. या रेषांमध्ये बारीकसा विद्युतभार साठलेला असतो. माणसाचं शरीर विजेचं वाहक असल्यामुळे बोट जवळ आलं की तिथल्या भारात किंचित फरक पडतो. स्पर्शाचं नियंत्रण करणारी एक स्वतंत्र चिप ही जाळी एका सेकंदात कित्येक डझन वेळा, अनेक फोनमध्ये शंभराहून जास्त वेळा, तपासत असते. बोट एकाच वेळी अनेक छेदबिंदूंवर परिणाम करतं. कुठे किती फरक पडला याचा हिशोब करून चिप बोटाचं केंद्र शोधते. म्हणून दोन रेषांच्या मधली जागासुद्धा तिला सांगता येते. कापडी हातमोजा घातला की स्पर्श लागत नाही आणि पावसाचे थेंब पडले की पडदा गोंधळतो, याचं कारण हेच.

स्पर्श सापडला की चिप मुख्य प्रोसेसरला एक विद्युत इशारा देते. त्याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम जिथल्या तिथे थांबवतो, कुठे होतो याची खूण ठेवतो, स्पर्शाची माहिती उचलतो आणि पुन्हा मूळ कामावर जातो. अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेला लिनक्स कर्नल या माहितीची छोटी नोंद करतो. कधी घडलं, कोणत्या प्रकारचं, काय आणि किती, एवढंच त्या नोंदीत असतं. बटण, ऍप, पीक, शेत यातलं काहीही अजून त्यात नाही.

अर्थ पुढे चढतो. अँड्रॉइडचा एक भाग या कच्च्या नोंदी वाचून ‘पडद्यावर या जागी बोट टेकलं’ असं एक वाक्य तयार करतो. दुसरा भाग त्या जागी सर्वांत वर कोणती खिडकी आहे ते पाहतो आणि ते वाक्य त्या खिडकीच्या मालक ऍपकडे पाठवतो. तिथे ते ऍपच्या रांगेत जाऊन बसतं.

या क्षणापर्यंत ऍप काय करत होतं? झोपलं होतं, आणि हा शब्द इथे तंतोतंत खरा आहे. रांग रिकामी असली की इव्हेंट लूप कर्नलला सांगतो, ‘काही आलं तर उठव’, आणि प्रोसेसर सोडून देतो. पडदा उजळलेला दिसतो, बटणं तयार दिसतात, पण त्या ऍपच्या मुख्य धाग्याची, म्हणजे थ्रेडची, एकही सूचना चालत नसते. शेतकरी फोटोसाठी जागा शोधत अर्धं मिनिट चालला, तर प्रोसेसरच्या हिशोबात ते अर्धं मिनिट म्हणजे अब्जावधी सूचनांचा काळ. तेवढा सगळा काळ ऍप माणसासाठी थांबून राहू शकतं, आणि बोट टेकताच काही सहस्रांश सेकंदांत जागं होतं. सतत ‘आलं का, आलं का’ असं विचारत राहिलं असतं, तर फोनची बॅटरी दुपारपर्यंतही टिकली नसती.

बटण दाबलं म्हणजे नेमकं काय?

इव्हेंट ऍपपर्यंत पोचला, तरी तो बटणाचा आहे हे अजून ठरायचं आहे. पडद्यावरच्या गोष्टी एकात एक बसवलेल्या असतात. सर्वांत बाहेर खिडकी, तिच्यात सरकणारं पान, पानात चौकट, चौकटीत बटण. स्पर्श बाहेरून आत प्रवास करतो. प्रत्येक पायरीवर विचारलं जातं, ही जागा तुझ्या हद्दीत येते का, आणि येत असेल तर तुझ्या पोटातल्या कोणाच्या हद्दीत येते?

एकात एक बसलेल्या गोष्टींपैकी इव्हेंटवर पहिला हक्क कोणाचा, यावर ब्राउझर बनवणाऱ्यांत नव्वदच्या दशकात खरोखर मतभेद झाले. नेटस्केपच्या पद्धतीत इव्हेंट बाहेरून आत उतरायचा, म्हणजे बाहेरच्या चौकटीला तो आधी मिळायचा. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत तो सर्वांत आतल्या बटणापासून निघून बुडबुड्यासारखा वर चढायचा. एकच पान दोन ब्राउझरमध्ये वेगळं वागायचं. नोव्हेंबर २००० मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जे मानक प्रसिद्ध केलं, त्यात दोन्ही वाटा ठेवल्या. इव्हेंट आधी बाहेरून आत उतरतो, लक्ष्यापर्यंत पोचतो आणि मग आतून बाहेर चढतो. कोणत्या टप्प्यावर ऐकायचं ते हँडलर लिहिणाऱ्याने ठरवायचं. आज आपण उघडतो त्या प्रत्येक वेबपानावर प्रत्येक क्लिक हा प्रवास करतो.

आता आपल्या बटणाला कळलं आहे की बोट टेकलं. मग नोंद लगेच पाठवायची का? नाही. बोट टेकणं म्हणजे अजून बटण दाबणं नव्हे. ते सरकवण्याची सुरुवात असू शकतं, दाबून धरण्याची असू शकतं, चुकूनही टेकलं असू शकतं. म्हणून बटण फक्त रंग बदलतं आणि थांबतं.

पुढे तीन शक्यता असतात. बोट हललं, तर किती हललं ते मोजलं जातं. माणसाचं बोट काचेवर कधीच पूर्ण स्थिर नसतं, म्हणून अँड्रॉइडने थोडी सूट ठेवली आहे, साधारण सव्वा मिलिमीटर. सरकणाऱ्या पानात बोट त्याहून जास्त सरकलं, तर पान म्हणतं, हा स्पर्श माझा आहे, आणि बटणाला ‘रद्द’ असा इव्हेंट मिळतो. बटण मुकाट्याने मूळ रंगावर येतं.

दुसरी शक्यता, बोट हललंही नाही आणि उठलंही नाही. इथली रचना मला फार आवडते. स्पर्श सुरू होताच ऍप स्वतःसाठीच एक निरोप रांगेत टाकून ठेवतं, सुमारे ४०० सहस्रांश सेकंदांनंतर मिळणारा. तोवर बोट तसंच राहिलं, तर तो निरोप उघडतो आणि ‘दाबून धरलं’ हा इव्हेंट जन्मतो. बोट आधी उठलं, तर निरोप रांगेतून काढून टाकला जातो. म्हणजे ठरावीक काळ काहीच न घडणं हीसुद्धा या व्यवस्थेत एक घटना आहे, आणि तिलाही हँडलर देता येतो.

तिसरी शक्यता म्हणजे बोट जागेवरच असताना उठणं. तेव्हा, आणि फक्त तेव्हा, क्लिक घडतो. बटणाचं काम बोट टेकल्यावर होत नाही, बोट उचलल्यावर होतं. टेकवणं आणि उचलणं यांच्यामध्ये माणसासाठी एक अवकाश राखलेला आहे. चुकीच्या बटणावर बोट पडलं असं त्या क्षणी वाटलं, तर बोट न उचलता बाजूला सरकवा आणि मग सोडा; काहीही होत नाही. माउसच्या बटणांनाही हाच नियम लागू आहे आणि त्याची मुळं मॅकिंटॉशच्या काळापर्यंत जातात. आपण रोज शेकडो वेळा बटणं दाबतो, पण विचार बदलण्याची ही मुभा त्यांत मुद्दाम ठेवलेली आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

वाट पाहायची, पण अडून बसायचं नाही

बोट उठलं, क्लिक घडला, हँडलर चालू झाला. आता फोटो आणि नोंद सर्व्हरकडे पाठवायची आहे. हँडलरने पाठवणी करून उत्तर येईपर्यंत तिथेच थांबायचं ठरवलं तर मोठी अडचण होते. ऍपच्या पडद्याचं सगळं काम एकाच धाग्यावर चालतं. रांग एक, लूप एक, एका वेळी एक हँडलर. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा असेल, तर प्रत्येक चित्राला जेमतेम १७ सहस्रांश सेकंद मिळतात. हँडलर त्याहून जास्त वेळ घेऊन बसला, तर सरकणारं पान अडखळतं. तो काही सेकंद अडला, तर बोटं टेकत राहतात, इव्हेंट रांगेत साचत राहतात आणि कोणीच ते उचलत नाही. एखाद्या इव्हेंटला ५ सेकंदांत दाद मिळाली नाही, तर अँड्रॉइड पडद्यावर संदेश दाखवतं की ऍप प्रतिसाद देत नाही. सुरुवातीच्या मॅकिंटॉशच्या रांगेत तर सहसा २०च इव्हेंट मावायचे. रांग भरली की सर्वांत जुना इव्हेंट टाकून नव्याला जागा केली जायची.

उपाय असा की हँडलरने काम सुरू करून द्यायचं, ‘उत्तर आलं की मला कळव’ असं सांगायचं आणि लगेच परत फिरायचं. उत्तर येईल तेव्हा तोही एक इव्हेंट असेल, त्याच रांगेतून येईल आणि त्याचा स्वतःचा हँडलर असेल.

खामगावाला ही रीत दीडशे वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा लोहमार्ग खुला झाला, कारण वऱ्हाडातल्या कापसाची मोठी बाजारपेठ इथे होती. त्याच सुमारास तारयंत्राची तार इथवर पोचली होती आणि १८६९ मध्ये सुएझ कालवाही उघडला होता. लिव्हरपूलचा व्यापारी तारेने खामगावला मागणी नोंदवी आणि साधारण सहा आठवड्यांत कापसाच्या गाठी तिकडच्या गोदीत पोचत. त्या सहा आठवड्यांत इथला अडत्या किंवा तिथला व्यापारी हात बांधून बसत नसे. मागणी एका वेळी जायची, पोच दुसऱ्या वेळी यायची आणि मधल्या काळात बाजार चालू राहायचा. फोनमध्ये सहा आठवड्यांच्या जागी सेकंद आहेत, इतकाच फरक. ज्या शिवारात रेंज येते-जाते, तिथे या मधल्या काळाची नीट सोय केलेली नसेल तर ऍप निरुपयोगी ठरतं. ई-पीक पाहणीत रेंज नसताना नोंद फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येते. ‘रेंज आली’ हाही एक इव्हेंटच.

‘खामगाव’ लिहिताना

स्पर्शाइतकीच नवलाची गोष्ट कळफलकावर घडते, विशेषतः मराठी लिहिताना. भारतीय भाषांसाठी १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरला. त्यावर ‘खामगाव’ हा शब्द असा लिहितात: शिफ्ट धरून के, मग ई, सी, आय, पुन्हा ई, आणि बी. ख, काना, म, ग, काना, व. सहा अक्षरखुणा. शिफ्ट धरली तर सात कळा, आणि प्रत्येक कळ खाली जाणं हा एक इव्हेंट, वर येणं हा दुसरा. म्हणजे एका ‘खामगाव’साठी १४ इव्हेंट. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा मिनिटाला ३० किंवा ४० मराठी शब्दांची असते. एका शब्दाला सरासरी सहा कळा धरल्या, तर ४० शब्दांची परीक्षा देणाऱ्या मुलीच्या बोटांतून सेकंदाला आठ इव्हेंट निघतात आणि तिच्यापुढचा प्रोग्रॅम त्यातला एकही गाळत नाही.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. इन्स्क्रिप्टमध्ये ‘म’ सी या कळीवर असतो. तरीही मराठी लिहिता लिहिता कंट्रोल धरून तीच कळ दाबली, की मजकूर कॉपी होतो. संगणकाला कसं कळतं? कारण त्या इव्हेंटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात: कोणती कळ दाबली गेली आणि तिच्यातून कोणतं अक्षर निघालं. चांगला हँडलर प्रसंग पाहून योग्य ती गोष्ट वाचतो. एका कळीचे शॉर्टकट असलेली काही वेबपानं फक्त अक्षर वाचतात. मराठी कळफलक चालू असताना ती मुकी होतात, कारण त्यांना ‘सी’ हवा असतो आणि मिळतो ‘म’. हँडलर लिहिणाऱ्याच्या मनात मराठी माणूस आला नव्हता, हे तिथे उघड दिसतं.

फोनवर अनेक जण रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. तेव्हा मधली अवस्था वेगळीच असते. लिहिलेलं अजून पक्कं झालेलं नसतं. कळफलक शब्द घडवतो आहे, पर्याय सुचवतो आहे. यासाठी ‘रचना सुरू’, ‘रचना बदलली’ आणि ‘रचना पूर्ण’ असे वेगळे इव्हेंट आहेत. शब्द पुरता घडण्याआधीच त्याला चूक ठरवणारा प्रोग्रॅम हे इव्हेंट ऐकतच नसतो.

न ऐकण्याचं शहाणपण

इव्हेंट ऐकणं जितकं महत्त्वाचं, तितकंच काही वेळा तो नाकारणंही. याचं सर्वांत चांगलं उदाहरण खामगाव विधानसभा मतदारसंघातल्या प्रत्येक मतदाराच्या बोटाखाली आलेलं आहे. मतदान यंत्राच्या मतपत्रिका युनिटवर प्रत्येक उमेदवारासमोर निळं बटण असतं. मतदान अधिकारी आपल्याकडच्या नियंत्रण युनिटवरचं बटण दाबतो तेव्हाच समोरचं युनिट तयार होतं आणि दिवा लागतो. मतदार निळं बटण दाबतो, उमेदवारासमोरचा लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते, लांब बीप वाजते. त्यानंतर तेच बटण पुन्हा दाबा, दुसरं दाबा, दहा वेळा दाबा. यंत्र कोणतंच मत नोंदवत नाही. अधिकाऱ्याने पुढच्या मतदारासाठी यंत्र पुन्हा मोकळं करेपर्यंत त्या दाबण्याला काही अर्थच नसतो.

एकच बटण, एकच दाब, पण यंत्र कोणत्या अवस्थेत आहे त्यावरून त्याचा अर्थ ठरतो. तयार असताना ते मत आहे, एरवी काहीच नाही. एका माणसाला एक मत हे लोकशाहीतलं तत्त्व इथे हँडलरच्या पातळीवर पाळलं गेलं आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातल्या सर्व ५४३ मतदारसंघांत ही यंत्रं वापरली गेली, तेव्हापासून हा नियम देशभर न बोलता पाळला जातो आहे. पैसे पाठवण्याच्या ऍपवर घाईने दोनदा बोट पडलं तरी रक्कम एकदाच जावी, यासाठी प्रोग्रॅमर हेच करतात: पहिल्या क्लिकनंतर अवस्था बदलतात आणि काम संपेपर्यंत दुसरा क्लिक नाकारतात.

शिकणाऱ्यांसाठी

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात संगणक शाखेला ऍडव्हान्स्ड जावा हा विषय आला, तेव्हा त्यात इव्हेंट हँडलिंग हा स्वतंत्र घटक होता. राज्यभरच्या तंत्रनिकेतनांतल्या मुलामुलींनी त्यात बटण बनवलं, त्याला ऍक्शन लिसनर जोडला आणि परीक्षेत ‘डेलिगेशन इव्हेंट मॉडेल’ची व्याख्या लिहिली. ही रीत जावाच्या १.१ आवृत्तीत १९९७ मध्ये आली. तिचं सार असं की इव्हेंट जिथे जन्मतो ती वस्तू वेगळी आणि त्यावर काम करणारी वस्तू वेगळी. दोघांमध्ये फक्त नोंदणीचा करार. त्यामुळे एका बटणाला अनेक ऐकणारे जोडता येतात, काढता येतात, आणि बटणाला त्यांचं काम ठाऊक असावं लागत नाही. त्याआधी १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकने हाच विचार आणखी सोपा करून ठेवला होता. पडद्यावर बटण ओढून आणा, त्यावर दोनदा क्लिक करा, रिकामा हँडलर समोर उघडतो.

व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक प्रयोग करून पाहा. एका खिडकीत एक बटण आणि लिहिण्याची एक जागा ठेवा. बटणाच्या हँडलरमध्ये प्रोग्रॅमला दहा सेकंद थांबवा. चालवा, बटण दाबा आणि लगेच शेजारी काहीतरी लिहायला लागा. एकही अक्षर उमटणार नाही. दहा सेकंदांनी सगळी अक्षरं एकदम पडद्यावर येतील, तुम्ही लिहिली त्याच क्रमाने. रांग डोळ्यांना दिसत नाही, पण त्या क्षणी ती असल्याचा पुरावा तुमच्यासमोर असेल. मग तेच थांबणं वेगळ्या धाग्यावर हलवा आणि पुन्हा लिहा. दोन्ही अनुभवांमधला फरक ज्याने एकदा पाहिला, तो पुढे अडवून ठेवणारा हँडलर सहसा लिहीत नाही.

कोणता इव्हेंट ऐकायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण त्यात समोरच्या माणसाचा विचार असतो. ई-पीक पाहणीची दुसरी आवृत्ती २०२२ च्या खरिपात आली, तेव्हा नोंद केल्यापासून ४८ तासांच्या आत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्ती करण्याची सोय तिच्यात होती. बोट टेकवणं आणि उचलणं यांच्यामध्ये जी विचार बदलण्याची मुभा असते, तिचाच हा दोन दिवसांचा विस्तार आहे. शेतात, उन्हात, घाईत केलेली नोंद चुकू शकते हे कोणीतरी मान्य केलं, म्हणून ते बटण आणि त्याचा हँडलर तिथे आहे.

खामगावात, शेगावात किंवा अमरावतीत बसून उद्याची ऍप लिहिणाऱ्यांनी आपल्या प्रत्येक बटणाला चार प्रश्न विचारावेत. दुसऱ्यांदा दाबलं तर? बोट सरकलं तर? रेंज गेली तर? माणसाचं मन बदललं तर? या चारही प्रश्नांची उत्तरं ज्यात लिहिलेली आहेत, तोच प्रोग्रॅम माणसाच्या हातात देण्याजोगा.